आबांचा बोंडांचा चौकोन

आबा,

साष्टांग नमस्कार. गेलेल्या माणसाला पत्र लिहू नये म्हणतात. पण चार दिवस झाले, मी तुमच्या विणीच्या चौकोनातल्या एकाच फेरीपाशी अडून बसले आहे आणि विचारायला दुसरं कुणी नाही. म्हणून लिहिते.

मधलं फूल जमलं. त्याच्याभोवतीची बोंडंही जमली, जरा वाकडी. पण चौथ्या फेरीत गोलाचा चौकोन होतो ना, तिथं घोटाळा होतोय. कोपऱ्यात तुम्ही तीन साखळ्या घालायचात की पाच? आणि तो वर उठून दिसणारा टाका, उठावाचा खांब? सुई पुढून घालायची की मागून? मी तीनदा केलं आणि तीनदा उसवलं. चौकोन म्हणून होत नाही. वाटीसारखं गोळा होऊन बसतं.

चैत्र लागलाय. दुपारी नई सडकेवर चिटपाखरू नसतं आणि मी मांडीवर लोकर घेऊन बसते. हाताला घाम येतो, लोकर सुईला चिकटते. हे कचेरीत आहेत, सासूबाई आतल्या खोलीत पडल्या आहेत. थकले आहे, आबा. कामानं नाही, कामाची सवय आहे. इतकी वर्षं एक गोष्ट मनात धरून बसले होते, ती सोडून दिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसता थकवा आला.

तुम्ही मला हा चौकोन शिकवला होता. एकदा नाही, चार-पाचदा. मग मला तो येत का नाही? हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सगळंच पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे तेसुद्धा.

तुम्ही लढाईवरून परत आलात तेव्हा मी सहा वर्षांची होते. किला गेटपाशी टांगा थांबला. माईनं मला आधीच बजावलं होतं, आबांच्या पायाकडे बघू नकोस. मी आधी पायाकडेच बघितलं. पायजम्याचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून टाचणीनं टाचलेला होता. तुम्ही कुबडी टेकत उतरलात आणि मला म्हणालात, "ओळखलं का बेटा?" मी माईच्या मागे लपले.

तुमच्या ट्रंकेत पलटणीचा कोट निघाला, दाढीचं सामान निघालं आणि कागदात गुंडाळलेली एक क्रोशाची सुई. आपल्याकडे सगळे करोशिया म्हणतात, तीच. माईला वाटलं, तिच्यासाठी आणली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खाटेवर बसून स्वतःच विणायला लागलात. बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात एका गोऱ्या नर्सबाईनं शिकवलं होतं म्हणे. कापून टाकलेला पाय दुखायचा. हात गुंतले की तो दुखायचा थांबायचा. नसलेला पाय दुखतो कसा, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

माईला मात्र त्या सुईची फार लाज वाटायची. तुम्ही विणायला बसलात की ती दाराला कडी घालायची. आपल्या घराण्यात चार पिढ्या तलवार बांधलेली, आणि हवालदार घरात बसून बायकांसारखी लोकर ओढतो, हे मोहल्ल्याला दिसलं तर? एकदा कडी राहिली आणि शेजारचे पंडितजी सरळ आत आले. हसून म्हणाले, "हवालदार साहब, ये जनाना काम?" तुम्ही सुई खाली ठेवली नाहीत. "पैर नहीं है, हाथ तो हैं," इतकंच म्हणालात आणि त्यांना बसायला मोढा दिलात.

मी तेव्हा कोपऱ्यात पाटी घेऊन बसले होते. मला तुमचा अभिमान वाटायला हवा होता ना? मला लाज वाटली. माझ्या मैत्रिणी येणार असल्या की तुमचा लोकरीचा गुंडा मीच उचलून गादीखाली टाकायचे. तुम्ही तो मुकाट्यानं शोधून काढायचात. कधी रागावला नाहीत. थोडं रागवायला हवं होतं, आबा.

मग मला सोळा वर्षं पूर्ण झाली. दोन स्थळं परत गेली. एकांना माझा रंग पसंत पडला नाही, दुसऱ्यांनी कारण सांगितलं नाही. तिसरं हे नई सडकेवरचं. येणाऱ्या बाईंना हस्तकलेची पारख आहे, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. माझ्याजवळ दाखवायला काय होतं? एक भरतकामाचा रुमाल, तोही माईनं निम्मा केलेला, आणि मण्यांचा पोपट, ज्याची चोच कधी जमलीच नाही.

पाहुणे दारात आले आणि माईनं तुमच्या उशाखालचा चौकोन काढून माझ्या तबकात ठेवला. वीतभर रुंद. मध्ये लाल फूल, त्याभोवती पांढऱ्या बोंडांची रांग, आणि बाहेर हिरव्या उठावाच्या खांबांची चौकट. पाच खांब एकाच घरात घालून त्यांची तोंडं बांधायची, की ते कपाशीच्या बोंडासारखं फुगून वर येतं. तुम्ही त्याला बोंडच म्हणायचात. हात फिरवला की त्या चौकोनावर डोंगर-दऱ्या लागायच्या.

सासूबाईंनी रुमालाकडे पाहिलंसुद्धा नाही. चौकोन उचलला, उलटा केला, पाठीमागची बाजू निरखली. ज्याला कळतं तो मागची बाजू आधी बघतो, हे तुम्हीच नंतर मला सांगितलंत. त्यांनी विचारलं, "हा तू केलास?"

तुम्ही समोरच बसला होतात. गुडघ्यावर उपरणं पसरून. मी तुमच्याकडे बघितलं नाही. माईच्या हातातल्या कपबशीकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं.

मग तुमचा आवाज आला, "तिला लहानपणापासून आवड आहे."

आबा, तुम्ही असं का केलंत? मी सोळा वर्षांची होते, घाबरलेली होते. तुम्ही तर तोफांपुढे उभा राहिलेला माणूस! एक शब्द बोलायचा होता. पण मग लग्न मोडलं असतं, हेही मला माहीत आहे. तुम्हीही त्याच क्षणी तोच हिशेब केला असणार, आणि स्वतःला त्यातून वजा करून टाकलंत.

लग्न झालं. पहिल्या दिवाळीच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, तसलेच तीस चौकोन करून आपण पांघरूण जोडू. आपल्या लश्कर भागात कुणाच्या घरी नसेल असं. मी "बरं" म्हणून माहेरी आले आणि तुमच्या खाटेच्या पायथ्याशी बसून रडले. तुम्ही आधी हसलात. मग सुई माझ्या हातात दिलीत.

तुम्ही किती शांतपणानं शिकवायचात! मी चुकले की म्हणायचात, "घाई कसली? उधेड परत." मी उसवायचे, पुन्हा चुकायचे. तुमचा हात माझ्या हातावर असायचा, जाड बोटं, पण लोकर त्यांच्यात कधी अडकली नाही. तुम्ही सांगत होतात, इथं सुई पुढून, इथं मागून, कोपऱ्यात इतक्या साखळ्या. आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

तेच आज सांगायचंय. मी लक्ष दिलं नाही, आबा. मला माहीत होतं, शेवटी तुम्हीच करून द्याल. तुम्ही बोलत होतात आणि मी मनात म्हणत होते, कधी एकदा संपवतात. आज एकेक शब्द आठवायचा प्रयत्न करते. तुमचा आवाज आठवतो, लोकरीचा वास आठवतो. साखळ्या किती, तेवढंच आठवत नाही.

आणि झालंही तसंच. एकोणतीस चौकोन तुम्ही केलेत. माई भेटायला आली की फराळाच्या डब्यात चिवड्याखाली कागदात गुंडाळून दोन-दोन, तीन-तीन घेऊन यायची. मी सासूबाईंसमोर रिकामी सुई हलवत बसायचे, त्यांची पाठ वळली की डब्यातला चौकोन मांडीवर घ्यायचे. दीड वर्ष हे चाललं. तिसावा तेवढा मी माहेरी आले असताना तुम्ही माझ्याकडून करून घेतलात, फेरीफेरीला शेजारी बसून. "एक तरी तुझा असू दे," म्हणालात. "नाहीतर त्या बाईंना अगदीच फसवल्यासारखं होईल."

पांघरूण तयार झालं आणि सासूबाईंनी ते ट्रंकेत ठेवलं. अंगावर घ्यायला नव्हतंच ते. कुणी आलं-गेलं की बाहेर यायचं, पलंगावर पसरायचं, कौतुक व्हायचं, घडी होऊन परत आत. आमच्या सूनबाईंनी केलंय. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पहिल्या वर्षी अंगावर काटा यायचा. नंतर येईनासा झाला. खोट्याचीही सवय होते.

माझ्या कुसुमच्या बारशाला तुम्ही आलात तो दिवस मात्र मला सवयीचा करता आला नाही. तुम्ही पहिल्यांदाच आमच्या घरी आला होतात. सासूबाईंनी आग्रहानं पांघरूण काढलं आणि तुमच्या मांडीवर ठेवलं. बघा तुमच्या लेकीचा हात, म्हणाल्या. तुम्ही ते एखादी नवी वस्तू बघावी तसं बघितलंत. एका कोपऱ्यातला धागा सुटत आला होता, तो बोटानं हळूच आत सारलात. आणि म्हणालात, "छान आहे. पोरीचा हात चांगला आहे."

मी सुंठवड्याची वाटी घेऊन दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं असतंत तर मी बोलले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगू? नसते बोलले.

पुढं माई गेली. तुम्ही त्या दोन खोल्यांत एकटे राहिलात. माझ्याकडे चला म्हटलं की म्हणायचात, लेकीच्या घरी राहायचं नसतं. तुमची नजर मंदावली. मग ही दुसरी लढाई आली आणि लोकर बाजारातून दिसेनाशीच झाली. एकदा आले तेव्हा बघितलं, तुम्ही सुतळी घेऊन विणत होतात, डोळे मिटून. मी विचारलं, हे काय करताय? तुम्ही म्हणालात, काही नाही, पाय दुखतो.

गेल्या पौषात पंडितजींच्या सुनेनं निरोप धाडला. हवालदार साहेबांना ताप आहे, थंडी वाजते, रजाईनंही ऊब येत नाही. मी सामान बांधायला घेतलं आणि एकाएकी सुचलं, ते पांघरूण न्यावं. दाट विणीचं, बोंडांनी भरलेलं, त्याच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाला नसणार. सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले आणि मागितलं.

त्या नाही म्हणाल्या. रागानं नाही, समजुतीनं. शोभेची वस्तू आजाऱ्याच्या अंगावर घालायची नसते, हवी तर माझी दुलई ने. त्यांचंही चुकलं नव्हतं.

मी तिथंच जमिनीवर बसले. धीर करून बोलले असं नाही, आबा. उभं राहायचं त्राणच संपलं. बसल्या बसल्या तोंडातून निघून गेलं, "ते त्यांनीच विणलंय."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. तबकातला चौकोन, फराळाचे डबे, रिकामी सुई. त्या ऐकत राहिल्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मग बावीस वर्षं मी कौतुक कुणाचं करत होते?"

"त्यांचं," मी म्हटलं.

त्या उठल्या. ट्रंक उघडली, पांघरूण काढलं, घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि माझ्या हातात दिली. "ने," म्हणाल्या. "परत आणू नकोस." हे रागानं म्हणाल्या की मनापासून, मला त्या वेळी कळलं नाही. विचारायला थांबलेही नाही. टांगा दारात होता.

पाच दिवस तुम्ही त्याच्याखाली होतात. पहिल्या दिवशी तुम्ही मला नीट ओळखलं नाही, पण अंगावर काय घातलंय ते बोटांनी ओळखलंत. एकेका चौकोनावरून हात फिरवत गेलात. मध्येच एका ठिकाणी थांबलात, परत चाचपलंत आणि डोळे न उघडता म्हणालात, "हा तुझा." मी वाकून बघितलं. माझाच होता! बोंडं ढिली, एक कोपरा लांबट. तुमच्या ओठांवर हसू आलं होतं, आबा. मग तुम्ही विचारलंत, बाईंना कळलं का? मी हो म्हटलं. तुमचा हात त्या चौकोनावरच थांबला. मला वाटलं, झोप लागली. तर म्हणालात, "वाईट वाटलं असेल त्यांना." आणि खरंच झोपलात.

सहाव्या दिवशी सकाळी, ऊन भिंतीवर यायच्या सुमाराला, तुम्ही गेलात.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. दत्तूकाकांनी सगळं हातात घेतलं. तुमचे चुलतभाऊ, त्यांच्याशिवाय कोण होतं? रिवाजाप्रमाणे तुमच्या अंगाखालचं-अंगावरचं सगळं बाहेर ठेवायला सांगितलं, ते घाटावरच्या माणसाला जातं. गादी गेली, रजाई गेली. काकांनी पांघरूण उचललं आणि मला विचारलं, हे पण द्यायचं ना? मला नाही म्हणता आलं असतं. तुमच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पण रडून रडून डोकं रिकामं झालं होतं, चार माणसं उभी होती, आणि मी पुन्हा गप्प बसले. त्या माणसानं ते खांद्यावर टाकलं आणि तो गेला. पांघरूण त्याच्या पाठीवर बोळाच्या वळणापर्यंत दिसत होतं.

एक चौकोनसुद्धा मी काढून ठेवला नाही.

तेरावं आटोपून घरी आले. सासूबाईंनी विचारलं, कुठाय? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि जपाची माळ ओढायला लागल्या. नंतर दोन महिने त्यांनी तो विषयच काढला नाही. घरात बोलणं-चालणं सगळं होतं, पण मोजकं. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. पुढ्यात लोकरीचा गुंडा होता. लाल नाही, पांढरा नाही, मातकट. मी ओळखला. त्यांची जुनी बंडी, त्यांनी बसल्या बसल्या उसवली होती. थंडीत दुसरं काय घालणार, विचारलं तर म्हणाल्या, पुढच्या थंडीचं पुढं बघू. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा तो चौकोन एक कर. मला परत बघायचाय."

तेव्हा मला कळलं, "परत आणू नकोस" त्या रागानं नव्हत्या म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या होत्या.

म्हणून ही सगळी ओढाताण. काल संध्याकाळी मी पुन्हा घेऊन बसले होते. शेजारच्या लक्ष्मीवहिनी वाटीभर डाळ मागायला आल्या आणि चौकोन बघून थबकल्या. अर्धाच होता, वाटीसारखा वळलेला, तरी थबकल्या. हे कुणी शिकवलं हो तुम्हाला, म्हणाल्या.

आणि आबा, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, माईनं. विचार न करता. एवढं सगळं होऊन गेल्यावर! शब्द बाहेर पडला आणि माझे हात थांबले.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "तिच्या वडिलांनी. पलटणीत हवालदार होते ते."

लक्ष्मीवहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि हो म्हटलं. त्यांनी आश्चर्य दाखवलं, दोन प्रश्न विचारले, डाळ घेतली आणि गेल्या. एवढंच. बावीस वर्षं ज्याला भ्याले ते एवढंच होतं.

चौकोन कधी जमेल, सांगता येत नाही. बहुतेक माझ्या मनानंच साखळ्या घालीन, आणि तो तुमच्यासारखा होणार नाही. सासूबाई मागची बाजू बघतील आणि काय ते म्हणतील. पण एक वचन देते. मला पुन्हा कुणी विचारलं, तर आतल्या खोलीतून त्यांना बोलावं लागणार नाही. मीच आधी सांगेन. तुमचं नाव घेऊन सांगेन, दार उघडं ठेवून.

ऊन उतरलं. हे येतील आता, चहा ठेवायला हवा.

तुमची,
शकू